कबुतरासाठी, की मांजरासाठी?

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काळ्या कडप्प्याचा कट्टा आहे. सकाळी सात ते साडेनऊ त्यावर ऊन असतं. भुरी आमच्याकडे आली तेव्हा तीन महिन्यांची होती. आठवडाभरात तिनं ती जागा हेरली. मी आईच्या जुन्या सुती लुगड्याची चौघडी करून तिथे अंथरली. खिडकी सरकती. एक काच कायम उघडी, कारण फोडणीचा धूर बाहेर जायला हवा. बाहेरून ग्रिल नव्हतं, कारण चौथ्या मजल्यावर चोर येणार कुठून. पुढचे आठ महिने भुरी रोज त्या कट्ट्यावर ऊन खात बसली, अंग चाटत राहिली, समोरच्या छज्ज्यावरची कबुतरं बघत राहिली. एकदाही तिचा तोल गेला नाही. मे महिन्यातल्या एका पहाटे ती तिथून खाली पडली.

कळलं ते दूध तापवायला उठल्यावर. चौघडी अर्धी खिडकीबाहेर लोंबत होती. गुळगुळीत दगडावर सैल कापड. पाय रोवताच ते तिच्यासकट सरकलं असणार. ते कापड मी अंथरलं होतं, ही गोष्ट मला अजून सलते.

खाली पाहिलं तर पेव्हर ब्लॉकवर काहीच नव्हतं. मी धावत खाली गेले आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर, शेजारच्या सोसायटीत हाका मारत फिरले. सव्वा तास असा गेला. शेवटी आमच्या वॉचमनकाकांनी टॉर्च घेऊन इमारतीच्या पायथ्याशीच शोधायला सुरुवात केली आणि ती सापडली पंपाच्या खोलीमागच्या बोळकांडीत, पडल्या जागेपासून दहा-बारा पावलांवर. डोळे सताड उघडे, तोंड उघडं, आवाज अजिबात नाही. मी दोनदा त्या बोळकांडीवरून गेले होते. जखमी मांजर लांब जात नाही आणि ओरडतही नाही. अंग चोरून, जवळात जवळच्या अंधाऱ्या फटीत शिरून ते गप्प बसतं. दुबळं झालेलं शरीर शत्रूच्या नजरेला पडू नये ही त्याची जुनी खोड. म्हणून मांजर वरून पडलं असेल तर आधी इमारतीला चिकटून शोधायचं: गाड्यांच्या खाली, मीटरच्या पेट्यांमागे, झुडपांत, गटाराच्या तोंडाशी, जिन्याखाली. हाकांपेक्षा टॉर्च उपयोगी, कारण उत्तर आलं नाही तरी डोळे चमकतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी धीर द्यायला म्हणाल्या, "अगं, मांजर आहे ते. कसंही पडलं तरी चार पायांवरच पडतं." त्यांचं म्हणणं खरंही होतं. भुरी चार पायांवरच पडली होती. तिच्या जखमांवरूनच पशुवैद्यांनी ते ओळखलं. मागच्या उजव्या पायाची नडगी मोडलेली, कारण पाय आधी टेकले. मग छाती आपटली. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीच्या पोकळीत साठून फुप्फुसांना दाबत होती, म्हणून तोंड उघडं ठेवून श्वास चालला होता. आणि शेवटी हनुवटी जमिनीवर आदळून टाळूला मधोमध चीर गेली होती. पायांवर पडणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या सकाळी एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर दिसलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "कितवा मजला?" कशी पडली, कुठून पडली हे विचारलंच नाही. उन्हाळा लागला की अशी मांजरं येत राहतात, असं ते म्हणाले.

या प्रकाराला पशुवैद्यकात स्वतःचं नाव आहे, आणि ते न्यूयॉर्कमधून आलं. तिथले पशुवैद्य गॉर्डन रॉबिन्सन यांनी १९७६ साली उंच इमारतींतून पडून येणाऱ्या मांजरांच्या दुखापतींचं वर्णन केलं. या मांजरांच्या दुखापतींत एक साचा दिसत होता: चेहरा, छाती आणि पाय. त्यांनी त्याला 'हाय-राइझ सिंड्रोम' म्हटलं. गगनचुंबी इमारती, उकाड्यात उघड्या टाकलेल्या खिडक्या आणि घरात पाळलेली मांजरं, हे तिन्ही एकत्र आले की हे होणारच. आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत ते तिन्ही आहेत.

पुढे १९८७ साली वेन व्हिटनी आणि शेरिल मेलहाफ या दोन पशुवैद्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानं ही गोष्ट जगभर पोचवली आणि माझ्या मते थोडं नुकसानही केलं. १९८४ च्या पाच महिन्यांत न्यूयॉर्कच्या अॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली. सरासरी उंची साडेपाच मजले. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. एक मांजर तर बत्तिसाव्या मजल्यावरून काँक्रीटवर पडलं आणि दाताचा टवका व छातीची किरकोळ दुखापत एवढ्यावर निभावलं. आकडे मांडल्यावर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली: सातव्या मजल्यापर्यंत दुखापती वाढत जातात, त्यावरून पडलेल्यांत मात्र त्या कमी होतात. स्पष्टीकरण असं दिलं गेलं की पडणारं मांजर ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या वेगाला पोचलं की हवेचा विरोध आणि वजन यांचा तोल साधतो आणि वेग वाढणं थांबतं. (माणसाचा असा अंतिम वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो.) वेग वाढत असेपर्यंत मांजराचे पाय ताठ असतात, वाढ थांबली की आतल्या कानाला जाणवणारा हिसका संपतो, अंग सैल पडतं, पाय आडवे पसरतात आणि आघात साऱ्या शरीरभर वाटला जातो. १९८८ मध्ये जॅरेड डायमंड यांनी 'नेचर'मध्ये यावर लिहिलं आणि मग 'जितकं उंचावरून पडेल तितकं मांजर सुरक्षित' ही समजूत मासिकांतून, प्रश्नमंजूषांतून, गप्पांतून पसरत गेली.

या समजुतीत एक मोठी खोट आहे. पडल्या जागी मेलेलं मांजर कुणी दवाखान्यात नेत नाही. ते उचललं जातं, कुठेतरी झाडाखाली पुरलं जातं, आणि कुठल्याच तक्त्यात येत नाही. विसाव्या मजल्यावरून पडून जे जिवंत होतं तेवढंच टेबलावर आलं. मग वाचणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसणारच. शिवाय ९० टक्के वाचली म्हणजे ९० टक्के धडधाकट राहिली असं नव्हे. त्या १३२ पैकी एक तृतीयांशाहून अधिक मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले होते. आणि झाग्रेबमध्ये चार वर्षांत आलेल्या ११९ मांजरांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात सातव्या किंवा त्याहून वरच्या मजल्यावरून पडलेल्यांच्या दुखापती अधिक गंभीर आणि छातीचे आघात अधिक निघाले. म्हणजे उंचीचा दिलासा तिथेच संपला. त्या अभ्यासातले बाकीचे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात: सरासरी उंची चार मजले, ४६ टक्के मांजरांचे पाय मोडलेले, त्यात मागचे पाय जास्त आणि हाडांत सर्वांत जास्त नडगी, तिघांतल्या एकाच्या छातीला मार, आणि जवळजवळ ६० टक्के मांजरं एक वर्षाच्या आतली. चौथा मजला, नडगी, छाती, अकरा महिने. भुरीचं केसपेपर मी त्या यादीशेजारी ठेवलं तर एकही ओळ वेगळी निघाली नसती.

चौथ्या मजल्याची उंची साधारण बारा मीटर धरली तर खाली पोचायला दीड सेकंद लागतो आणि वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जातो. यातला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ अंग वळवायला पुरतो. मांजर हे करतं कसं, या कोड्यानं मोठमोठ्या माणसांना छळलं आहे. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं लिहिणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल तरुणपणी केंब्रिजला असताना मांजरं खाली सोडून बघत. ते खिडकीतून मांजरं फेकतात अशी त्यांची ख्यातीच तिथे झाली होती. १८७० साली पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती अफवा खोडून काढली: योग्य रीत म्हणजे मांजर पलंगावर किंवा टेबलावर दोनेक इंचांवरून सोडायचं, आणि तेवढ्यातही ते पायांवर येतं. कोडं असं होतं की हवेत लोटायला काहीच आधार नसताना वस्तू स्वतःला फिरवू शकत नाही, मग मांजर कसं फिरवतं? १८९४ मध्ये पॅरिसला एतियेन-ज्यूल मारे यांनी उलटं धरलेलं मांजर सोडून एकामागोमाग एक छायाचित्रं घेतली, आणि उत्तर कागदावर आलं. मांजर एकाच वेळी सगळं फिरत नाही; दोन हप्त्यांत फिरतं. आधी पुढचे पाय छातीशी घेतं आणि मागचे ताणतं. फिरत्या खुर्चीवर बसून हात पोटाशी घेतले की आपण झरकन फिरतो, पसरले की जड होतो, तसंच: पुढचा अर्धा भाग चटकन वळतो, मागचा उलट दिशेनं जेमतेम हलतो. मग पुढचे पाय ताणतं, मागचे आवळतं आणि मागचा भाग वळवून घेतं. यासाठी लागतो तो अतिशय लवचीक कणा आणि गळपट्टीचं इवलंसं हाड, जे खांद्याशी सांध्यानं बांधलेलंच नाही. पिल्लांमध्ये ही कला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते आणि सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते.

ही कला झाडासाठी घडलेली आहे. झाडावरून पडणारं मांजर फांद्यांना आपटत, पानांना घासत, तुटक्या वेगानं येतं आणि खाली पालापाचोळा, माती असते. आमच्या इमारतीखाली पेव्हर ब्लॉक आहेत, तुमच्या इमारतीखाली बहुधा पार्किंगचं काँक्रीट असेल. झाडाच्या सालीत नखं रुततात. कडप्पा, ग्रॅनाइट, काच आणि अॅल्युमिनियमची पट्टी यांत ती रुतत नाहीत, घसरतात. आंब्याच्या फांदीवर निर्धास्त झोपणारं मांजर तसंच खिडकीच्या कट्ट्यावर झोपतं, कारण त्याच्या अंगाला त्या दोहोंतला फरक शिकवायला कुणी उरलेलं नाही. पहिल्यांदा चुकलेलं मांजर दुसऱ्यांदा शिकायला असतंच असं नाही.

म्हणूनच "आमची मनी हुशार आहे, कधी कडेला जात नाही" हे ऐकलं की मला धडकी भरते. मीही आठ महिने तेच म्हणत होते. मांजरं बहुतेक वेळा उडी मारून पडत नाहीत. झोपेत कूस बदलताना पडतात. अंग चाटताना मागचा पाय वर केलेला असतो आणि बाहेर फटाका वाजतो. आणि सर्वांत जास्त भीती शिकारीच्या क्षणाची. कबुतर हातभर अंतरावर येऊन घुमू लागलं की मांजराचं सगळं चित्त त्या हलत्या मानेवर एकवटतं, जबडा थरथरतो, क्-क्-क् असा चमत्कारिक आवाज येतो. त्याची नजर हालचाल टिपण्यासाठी घडलेली आहे. त्या क्षणी कट्टा कुठे संपतो हे त्याच्या गणतीत नसतं. आपल्याकडे कबुतरं तर एसीच्या बाहेरच्या यंत्रावर, छज्ज्यावर, डक्टमध्ये घरटी करून राहतात. म्हणजे सावज बाराही महिने खिडकीबाहेर टांगलेलं आहे. माजावर आलेली मांजरी किंवा खच्ची न केलेला बोका असेल तर बाहेरची ओढ आणखी वेगळी. पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं की ती ओढ पुष्कळ उतरते. खिडकीच्या सुरक्षेतला हा भाग लोक विसरतात.

मग खिडक्या बंदच ठेवाव्यात का? ते क्रूर होईल, आणि आपल्या हवेत शक्यही नाही. घरात राहणाऱ्या मांजराचं अर्धं जग खिडकी असते: वास, आवाज, पाखरं, पाऊस. शिवाय मांजराला ऊब किती लागते याची आपल्याला कल्पना नसते. शरीर गरम किंवा थंड ठेवण्यासाठी वेगळे कष्ट पडू नयेत अशी हवा त्याच्यासाठी ३० ते ३८ अंश सेल्सियस. आपण पंख्याखाली बसलेलो असतो तेव्हा ते उन्हाचा चौकोन शोधत खिडकीकडे जातं ते यामुळे. त्याला खिडकी हवीच. खिडकी आणि पोकळी यांच्यामध्ये काय आहे, तेवढं आपण बघायचं.

आता आपल्या खिडक्यांबद्दल. वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी किंवा लोखंडी गज असत आणि मांजर त्यातून सहज ये-जा करी. पण बाहेर कौलं असत, पडवी असे, आणि जमीन फार लांब नसे. आज आपण तेच गज 'सेफ्टी ग्रिल' म्हणून विसाव्या मजल्यावर बसवतो आणि निश्चिंत होतो. ग्रिल माणसासाठी आहे. चार-पाच इंचांच्या फटीतून पूर्ण वाढलेलं मांजर आरामात जातं. गळपट्टीचं ते सुटं हाड इथे पुन्हा आठवायचं: खांदे आवळून घेता येतात, म्हणून जिथून डोकं जातं तिथून अख्खं मांजर जातं. हल्ली तारांचं 'इनव्हिजिबल ग्रिल' बसवतात. त्यात दोन तारांमधलं अंतर दोन इंचांहून जास्त नको, आणि पिल्लू असेल तर तेवढंही पुरत नाही, आतून बारीक जाळी हवीच. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलबद्दल मला वेगळं भय वाटतं. त्याच्या तळाला पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा टाकलेला असतो, त्यावर कुंड्या, जुने डबे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, तुकडा सरकतो, आणि एसीचे पाइप घेण्यासाठी मेकॅनिकनं कापलेली वीतभर जागा कोपऱ्यात तशीच राहिलेली असते.

मच्छरजाळी हा सर्वांत फसवा दिलासा. सरकत्या खिडकीची जाळीची झडप वजनाला इतकी हलकी असते की मांजर कडेला नख अडकवून ती सरकवायला दोन दिवसांत शिकतं. फायबरची जाळी नखांनी उसवते, आणि चौकटीत ती फक्त एका रबरी दोरीनं दाबून बसवलेली असते. चार किलोचं मांजर कबुतरामागे झेपावलं तर जाळीसकट बाहेर. स्टेनलेस स्टीलची जाळी किंवा 'पेट मेश' या नावानं मिळणारी जाड विणीची जाळी घ्यावी आणि झडपेला बारकी कडी किंवा स्टॉपर लावावा. भाड्याच्या घरात भोकं पाडू देत नसतील तर रुळात स्टॉपर घट्ट बसवून खिडकी दोन बोटंच उघडेल असं करता येतं. सोसायटी एलिव्हेशन बिघडतं म्हणून बाहेरून काही लावू देत नसेल तर जाळीची चौकट आतून बसवायची. एक गोष्ट मात्र सांभाळा: सगळ्या खिडक्या कायमच्या बंदिस्त करू नका. आग लागली तर माणसांना बाहेर पडायला एका खिडकीला उघडणारं दार हवं, आणि त्याची किल्ली तिथेच जवळ.

न्हाणीघराची खिडकी कुणाच्या लक्षातच येत नाही. काचेच्या आडव्या पट्ट्यांची ती खिडकी, वर एक्झॉस्टचा गोल. एक पट्टी सैल असते, मांजर डोक्यानं ढकलतं आणि पलीकडे थेट डक्ट: पाइप, कबुतरांची घरटी आणि तळाशी कुणी वर्षानुवर्षं न उघडलेलं दार. डक्टमध्ये पडलेलं मांजर शोधणं आणि काढणं दोन्ही फार अवघड. पट्ट्यांच्या आतून स्टीलची जाळी ठोकून घेणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि नेहमीची शिस्त ज्या दिवशी मोडते ते दिवस वेगळे ध्यानात ठेवायला हवेत. दिवाळीची साफसफाई: पडदे उतरवलेले, जाळ्या काढून अंगणात धुवायला ठेवलेल्या, खिडक्या सताड उघड्या, आणि दोन दिवसांत फटाके सुरू. रंगकाम. एसीची सर्व्हिसिंग. पाहुण्यांच्या घरातली मुलं. अशा दिवशी मांजर एका खोलीत, दार लावून, पाणी आणि मातीचा ट्रे देऊन ठेवायचं आणि दारावर कागद चिकटवायचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी स्वतःहून ही सवय लावून घेतली आहे, फरशी पुसायला खिडकी उघडायच्या आधी त्या विचारतात, "भुरी कुठंय?"

ज्यांची मुलं किंवा भावंडं नोकरीनिमित्त जर्मनीत आहेत त्यांनी एक गोष्ट त्यांना जरूर कळवावी. तिथल्या खिडक्या वरून आत कलतात, खाली घट्ट राहतात. बाजूनं बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षर. मांजर वरच्या रुंद फटीतून निघायला बघतं, घसरतं आणि खालच्या अरुंद टोकात कमरेशी अडकतं. सुटायला जितकं धडपडतं तितकं आणखी खाली रुततं. पोट दाबलं जातं, मागच्या पायांचं आणि मूत्रपिंडाचं रक्त तुटतं, आणि वेळेवर सोडवलं तरी मागचे पाय लुळे पडलेले असू शकतात. तिथल्या पशुवैद्यांकडे यालाही वेगळं नाव आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या तिरप्या जाळ्या तिथे दुकानात मिळतात. आपल्याकडे नव्या इमारतींत यूपीव्हीसीच्या तशाच खिडक्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हे इथे सांगते आहे.

एवढं करूनही मांजर पडलंच तर? हिंडतं-फिरतं दिसलं तरी दवाखान्यात न्यायचं, आणि लगेच. छातीतली हवा किंवा फुटलेलं मूत्राशय पहिल्या तासात दिसत नाही. तोंड उघडून श्वास घेणं हे मांजराच्या बाबतीत नेहमीच धोक्याचं लक्षण समजायचं. दिवसभर लघवी झाली नाही तर तेही डॉक्टरांना सांगायचं. उचलताना कवेत घेऊ नका; जाड टॉवेल किंवा लाकडी पाट अंगाखाली सरकवून तसंच खोक्यात ठेवायचं. पाणी, दूध, खाणं काही नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. आणि वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही. त्या सकाळी आमच्याकडेही कुणीतरी पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधातून द्यायला सुचवलं होतं, तेही कळवळ्यानं. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं; माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

भुरीच्या छातीतली हवा सुईनं काढली, दोन दिवस तिला प्राणवायूवर ठेवलं, मग पायात सळई बसली. टाळूची चीर हळूहळू आपोआप सांधली. सात आठवडे ती मोठ्या पिंजऱ्यात होती आणि तिथूनही खिडकीकडेच तोंड करून बसायची.

त्याच दिवसांत मी जाळीवाल्याला बोलावलं. त्यानं खिडक्या मापल्या, वही काढली आणि विचारलं, "ताई, कबुतरासाठी, की मांजरासाठी?" मला वाटलं जाळी ती जाळी. तो म्हणाला, कबुतर बाहेरून येतं आणि पाव-दीडपाव वजनाचं असतं, त्याच्यासाठी पातळ नायलॉनची जाळी चालते, हूक वीत-वीत अंतरावर चालतात. मांजर आतून बाहेर जोर लावतं, चावतं, वर चढतं. त्याला जाड दोऱ्याची, इंचभर घराची जाळी लागते, हूक दुप्पट लागतात, आणि खालची कड ताणून बांधावी लागते, कारण मांजर आधी खालूनच नाक घालतं. आणि उन्हानं नायलॉन कुजतं, दोन-तीन वर्षांनी हातानं ओढून बघा, तुटलं तर बदला. इतकं नेमकं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

काम संपल्यावर त्यानं घरात जड काही आहे का विचारलं. मी पाच किलो तांदळाची पिशवी दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी जाळीवर जोरात फेकली, तीनदा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. तिसऱ्या वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक हूक निसटला. त्यानं तिथे आणखी दोन ठोकले आणि पुन्हा पिशवी उचलली. आता दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सफाईनंतर आमच्याकडे तांदळाची पिशवी जाळीवर फेकली जाते. कट्ट्यावर रबरी चटई चिकटवली आहे. भुरी तिच्यावर बसून वाट पाहते, कधी एकदा आम्ही बाजूला होतो आणि ऊन तिच्या वाट्याला येतं.